चेटकिणीची शेवटची तीन पानं

मी पुस्तकं बांधतो. माझे हात खळीनं भरलेले, म्हणून दुरुस्तीला आलेल्या जुन्या कथा बायकोच मोठ्यानं वाचायची. चेटकिणींच्या कथा तिच्या आवडीच्या. ती गेली तेव्हा अशाच एका कथेची तीन पानं राहिली होती. खुणेला तिची केसांची पिन. शेवट ऐकल्याशिवाय मी पुस्तक शिवणार नव्हतो. काल मुलीला म्हटलं, "एवढं वाच गं." वाचताना ती थबकली. "बाबा, चेटकिणीला जाळलं." "नीट बघ. चेटकीण मरत नसते." "अहो, सगळ्या कथांत मरतेच! आई काय वाचायची?" तिला मांडणीवरची, गिऱ्हाइकांनी न नेलेली पुस्तकं उघडायला लावली. सगळीकडे आग, तलवार, फास. चाळीस वर्षं आमच्या घरात एकही चेटकीण मेली नव्हती. माझे हात आपोआप जुळले. मुलीनं पिन केसांत खोवून पुढे वाचलं, "चेटकिणीनं एका फुंकरीत जाळ विझवला आणि ती घरी निघाली."