खजिनदारांचा नियम

"वहिनी, शेवटच्या आजारपणात दत्तोपंतांची वर्गणी थकली, सभासदत्व गेलं. कल्याणनिधीतून काही देता येत नाही," वकील संघाचे अध्यक्ष घैसास म्हणाले.

"माहीत आहे. खजिनदार असताना तो नियम यांनीच केला. पैशांसाठी नाही आले मी. तुमच्यातला कुणी गेला की सगळे दोन मिनिटं उभे राहता, तेवढं यांच्यासाठी कराल?"

घैसास म्हणाले, "शोकसभाही सभासदांचीच होते. तेही त्यांनीच ठरवलंय."

"हट्टीच स्वभाव यांचा," म्हणत सुलभावहिनी उठल्या.

त्यांना दारापर्यंत पोचवायला घैसास उठले. मग बाररूममधले सगळेच वकील उठले. कीर्तनात बुवांच्या चिपळ्या थांबाव्यात तशी शांतता पसरली. कुणी बोलेना, कुणी बसेना.

वहिनींनी दारातूनच हात जोडले.