सहावीतली जागा

गल्लीतल्या मराठी शाळेच्या सहावीत यंदा एकही नाव नव्हतं. वर्ग भरला नाही तर शाळेला कुलूप लागणार होतं. हेमंतला वाटे, आपल्या मुलाला, अनिकेतला इथेच घालावं; पण सगळ्या पालकांसारखं त्याचंही एकच पालुपद, "आधी बाकीचे काय करतात ते बघू."

म्हणून दर रविवारी सगळे पालक सहावीच्याच वर्गात दाटीवाटीने बसून चर्चा करू लागले. मुख्याध्यापिका त्रिवेणीबाई चहा पाजून पाजून कंटाळल्या आणि एके दिवशी त्यांनी सरळ खडू उचलून अपूर्णांक शिकवायला घेतले. मग काय, पालक रोजच येऊ लागले. हेमंत तर ऑफिस बुडवून गृहपाठ करायचा.

शेवटी धीर करून तो अनिकेतला घेऊन बाईंसमोर उभा राहिला. "बाई, ठरलं. ह्याला सहावीत घ्या."

"हौ, पण उशीर केलात हेमंतराव. वर्ग भरला. तुमचीच तेवढी तिसऱ्या बाकावरची जागा आहे. सोडता का लेकासाठी?"

हेमंतने वर्गाकडे पाहिलं. सगळे पालक मान खाली घालून गणित सोडवत होते.



"थांबा बाई," तो म्हणाला, "आधी बाकीचे काय करतात ते बघू."