मागच्या चाकापाशी

या, असे जवळ सरून बसा. एका जुन्या गाडीची गोष्ट सांगतो. फार लांबण लावत नाही.

चिकलठाण्याच्या गॅरेजात राजकुमार मिस्त्रीनं मागच्या डाव्या चाकावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. तापल्या तव्यावर पडावेत तसे ते चर्रकन उडाले. उजव्या चाकावर शिंपडले, ते नुसतेच ओघळले.

"ब्रेक सुटंना, काका," मिस्त्री म्हणाला. "गाडी ब्रेक ओढूनच पळतीय."

सोमनाथरावांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. चार वाजता पिशोरला कीर्तन होतं. गोजरबाईंच्या वर्षश्राद्धाचं, त्यांच्या माहेरच्या देवळात. साथीला पेटी सोमनाथरावच वाजवणार होते. पेटी मागच्या सीटवर धोतरात गुंडाळून ठेवली होती. बायकोच्या नावाचं कीर्तन आणि नवराच उशिरा पोचला तर, हा एकच घोर त्यांना सकाळपासून लागला होता.

गाडी बावीस वर्षांची. काही महिन्यांपासून ती जड चालायची, पेट्रोल खायची, थांबली की जळकट वास यायचा. घरचं माणूस गेलं तशी गाडीही खचली, असंच सोमनाथरावांनी मनाशी धरलं होतं.

मिस्त्रीनं जॅक लावला. हँडब्रेक खाली होता, तरी चाक हातानं फिरेना. तो गाडीखाली गेला, वायर ओढून पाहिली आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं, हँडब्रेक किती जोरानं ओढता? सोमनाथरावांनी सांगितलं, आधी दोनच खटके ओढायचो. वर्षभरापासून मात्र दोन्ही हातांनी ओढतो. ती गेल्यावर महिन्याभरानं एका देवळापुढं गाडी आपोआप मागं सरकली आणि हारवाल्याच्या गाड्यावर जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही, पण धसका बसला तो बसलाच.

"दोन खटक्यात काय बी धरत नाय, काका. तुमची वायर लई वर्षं हललीच नाय, जाग्यावर गंजली. आता जोरानं ओढली तर गेली, पण माघारी येईना." मिस्त्री थांबला. "मंग इतकी वर्षं चढावर गाडी उभी कशी राहिली?"

"पुण्याई," सोमनाथराव म्हणाले आणि हसले.

मग ते गोजरबाईंचं सांगत बसले. गाडी थांबली की बाई आधी खाली. तिची ती पिशवी घेऊन मागं जायची, वाकायची, माती कपाळाला लावायची. निघतानाही तसंच, मागं जाऊन वाकल्याशिवाय गाडीत बसायची नाही. येताना गावाच्या पाया पडते, जाताना गावाचा निरोप घेते, असंच सगळे म्हणायचे. आपण तिची थट्टा करायचो, अगं, मला तरी उतरू दे, गाव काय पळून चाललंय? ती पदर तोंडाला लावून हसायची. एका बुवांनी तर भर कीर्तनात तिचं उदाहरण दिलं होतं.

मिस्त्री ऐकत होता. वायरीचा नट ढिला करायला त्यानं पुढची सीट सरकवली. सीटखाली कापडी पिशवी होती. गोजरबाईंची. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. ती भलतीच जड लागली म्हणून त्यानं आत पाहिलं. टाळ, चष्म्याचं घर, आणि तळाशी एक पाचरीसारखा दगड. दगडाची एक बाजू काळी पडली होती. तिच्यावर टायरच्या नक्षीचे वळ उठले होते.

त्यानं दगड सोमनाथरावांच्या हातात दिला.

"काकूला ठावं होतं, काका."

सोमनाथराव दगडाकडं बघत राहिले. गाडी घेतली त्याच वर्षी, पिशोरच्या चढावर ती म्हणाली होती, ब्रेक धरत नाही वाटतं. तिच्या भाऊबंदांसमोर त्यांनी तिला विचारलं होतं, तुला काय कळतंय गाडीतलं? त्यानंतर तिनं गाडीचा विषय कधी काढला नाही.

दोन तासांनी चाक हलकं फिरू लागलं. नवी वायर उद्या बसवू, आज हँडब्रेकला हात लावू नका, असं मिस्त्रीनं बजावलं. गाडी गिअरमध्ये ठेवा, म्हणाला, आणि... त्यानं दगडाकडं नुसतं पाहिलं.

पावणेचारला सोमनाथराव पिशोरात पोचले. देवळापुढच्या चढावर गाडी लावली. उतरून मागं गेले. गुडघा टेकल्याशिवाय दगड नीट बसेना. दोन्ही तळव्यांनी रेटून बसवावा लागला. हात मातीनं भरले. उठताना कपाळावर घाम आला होता, हात तिकडं गेला.

देवळाच्या पायरीवर बसलेल्या, गोजरबाईंच्या माहेरच्या चंपाबाईंनी शेजारणीला कोपरानं डिवचलं.

"बघ गं. गोजरीवाणी आता दाजी बी गावाच्या पाया पडाया लागले."

सोमनाथरावांनी ते ऐकलं. कपाळाला लागलेली माती पुसली नाही. तसेच आत गेले आणि पेटीपुढं बसले.

तेव्हा मायबापहो, कुणी वाकलेलं दिसलं, तर घटकाभर थांबा. आणि गोजरबाईंची आठवण ठेवा.