चौथा रेचा

तिसऱ्या रेच्यानंही सरकी फोडली. पुंजाराम सुतारानं लाकडी रूळ भिंतीवर आपटला आणि मग स्वतःच जाऊन उचलून, पुसून आणला.

रेच्याच्या दोन रुळांतून कापूस ओढून सरकी वेगळी काढताना ती फुटली की तिचं तेल रुईला लागतं, आणि डाग पडलेली रुई कोणी घेत नाही. एवढ्या एका गोष्टीनं त्याचं वर्ष खाल्लं होतं. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. अख्खी अमरावती उड्या मारत होती आणि हा रुळांमधल्या एका फटीपायी रडत होता. तिफणी-वखरं करणं सोडलं म्हणून लोक 'रेचेवाला' म्हणत हसायचे, ते वेगळंच.

"सोमवारी पाहाले येतो," आडतवाले खुशालराव म्हणाले होते. "या खेपेले जमलं नाही, तर मुंबईचं यंत्र आणतो. मंग तू आपल्या तिफणी कर."

चौथ्या रेच्यात त्यानं चामड्याची पट्टी बसवली. रविवारी फिरवून पाहिला. कट्! पुन्हा तेच.

"आता काय दाखवू त्याईले, कपाळ?" तो बायकोवर खेकसला.

गोदाबाई कुंडीत म्हशीसाठी सरकी भिजत घालत होती. "काहून इतके तापता? उद्या कापूस मी घालीन. तुमी नुसता दांडा फिरवा." रात्री उशिरापर्यंत ती दिव्यापाशी कापूस निवडत बसली.

सोमवारी खुशालराव रेच्याच्या पुढच्या बाजूला बसले. गोदाबाईनं सरकी पडायची पेटी खाली सरकवली, टोपलं पदराआड घेतलं आणि मूठमूठ कापूस आत सारू लागली. पुंजारामनं देवाचं नाव घेऊन दांडा फिरवला. रूळ करकरले, पण कट् म्हणून काही वाजलं नाही. पांढरीशुभ्र रुई बाहेर आली. चामडं रात्रीतून बसलं असावं, असं त्याला वाटलं.

गोठ्यात म्हैस एकसारखी रेकत होती.

"उपाशी हाये का ते?" खुशालरावांनी विचारलं.

"ओरडू द्या तिले," गोदाबाई म्हणाली.

खुशालरावांनी वाकून पेटीत डोकावलं. "एकही फुटली नाही रे, पुंजाराम! बारा रेचे कर. सहा इथं, सहा अकोल्याले. अन् बुधवारी भर बाजारात फिरवू. लोकाईनं आपापला कापूस घालून पाहावा!"

ते गेले तेव्हा पुंजारामचे डोळे भरून आले होते. वर्षाची हेटाळणी एका सकाळीत धुऊन निघाली होती.

"अवं, त्या म्हशीले तं घाल काही," तो हसत म्हणाला, आणि पेटीत हात घालून त्यानं मूठभर सरकी उचलली.

सरकी ओली होती. म्हशीच्या कुंडीतल्यासारखी, चांगली टम्म फुगलेली.