खूण नसलेली जाहिरात

"अंगावरची एखादी खूण सांगा," पाद्रीबाबा लेमुएल म्हणाले. "सगळे सांगतात. डाग, तीळ, चाबकाचा वळ."

"खूण नका लिहू," केझाया म्हणाली.

पाद्रीबाबांचा टाक थांबला. "केझायाताई, अशाने उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मीच तुझा अब्नेर."

"म्हणू दे. आलेल्याचं काय ते माझं मी बघेन."

केझाया हट्टाला पेटली की देवाचंही ऐकत नाही, हे नॅशव्हिलच्या त्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पाद्रीबाबांनी लिहून घेतलं: 'माझा मुलगा अब्नेर. सात वर्षांचा असताना टॉलिव्हर मालकाने दलालाला विकला. आता पंचविशीचा असेल. आई नॅशव्हिलमध्ये वाट बघते आहे.'

तो १८६५ चा जून महिना होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं. दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली होती, गुलामी गेली होती आणि सुटलेली माणसं आपापली माणसं शोधत रस्त्याला लागली होती. अशा जाहिराती चर्चच्या वर्तमानपत्रात छापून येत. वाचता येणारे थोडेच, म्हणून दर रविवारी प्रार्थनेनंतर गावोगावचे पाद्री त्या मोठ्याने वाचून दाखवत.

युद्धाची सगळी वर्षं केझायाने लष्करी इस्पितळात काढली. कपडे धुतले, मेलेल्यांना न्हाऊ घातलं. डिसेंबरात गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर लढाई झाली, काळ्या सैनिकांच्या पलटणी तोफांवर चालून गेल्या आणि इस्पितळात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यानंतर तिने ते काम सोडलं. थकली असेल बिचारी, असं लोक म्हणाले.

आता ती नदीकाठच्या एका खोलीत राही आणि घरोघरचे कपडे धुई. दिवस कसाही जाई. संध्याकाळ मात्र खायला उठे. कधीकधी ती वाळत घातलेल्या सदऱ्यांशीच बोलत बसायची, आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटायची.

सप्टेंबरात एका दुपारी दार वाजलं. अंगात विटका निळा लष्करी कोट, एक पाय ओढत चालणारा, पंचविशीचा तरुण.

"चॅटनूगाच्या चर्चमध्ये ऐकलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी... मी अब्नेर."

केझायाने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "उभा का? बस. पाय दुखत असेल."

तिने मक्याचा पाव, डुकराचं खारं मांस आणि वर काकवी वाढली. तो खाली मान घालून जेवला. जेवता जेवता एकदा त्याने "आई" म्हणून पाहिलं, अगदी हळू, आणि ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली.

बातमी कळताच पाद्रीबाबा आले.

"तुझा बाप काय काम करायचा रे?"

"शेतावर होता," तरुण म्हणाला.

"लोहार होता. तुझ्या आईनेच सांगितलंय मला."

"हंगामात शेतावरही जायचा की," केझाया मध्येच म्हणाली.

"आणि विकलं तेव्हा कुठल्या गावाला नेलं तुला?"

तरुणाच्या कपाळावर घाम आला. "नाचेझ," तो म्हणाला. मग म्हणाला, "बहुतेक."

"बहुतेक?"

"सात वर्षांचं पोर ते, पाद्रीबाबा. त्याला गावांची नावं काय विचारता?"

पाद्रीबाबा तिला अंगणात घेऊन गेले. दोरीवरच्या ओल्या चादरींच्या आड उभे राहून ते दबक्या आवाजात बोलू लागले. "ताई, मन घट्ट करा. हा तुमचा मुलगा नव्हे. जाहिरातीत होतं तेवढंच त्याला ठाऊक आहे. मी त्याला आत्ताच निघायला सांगतो."

"त्याला कोणी नाही," केझाया म्हणाली. "जेवताना कळतं. ताट कोणी ओढून नेईल अशा घाईने जेवला तो."

"म्हणून खोटं चालवून घ्यायचं? तुमचा खरा अब्नेर उद्या या दारात उभा राहिला तर त्याला काय सांगाल?"

पाद्रीबाबा दाराकडे वळले. केझायाने त्यांची बाही धरली. 

"तुम्हाला जाहिरात सांगायला आले त्याच्या सहा महिने आधी अब्नेरला मी याच हातांनी पुरलं, पाद्रीबाबा."