सावळदरीची रेंज

"हा परत घे बाबा." द्वारकाबाईनं पिशवीतून मोबाईल काढला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला.

"काहून मावशी? रेंज न्हाई येत?" जमीलनं विचारलं.

"येऊन राहिली ना. म्हणून तर आणला."

जमीलनं हातातला पेचकस खाली ठेवला. वारंगा फाट्यावर जुने मोबाईल विकायला लागून त्याला तीन वर्षं झाली होती. दोन हजार सहा साल चालू होतं आणि ज्याला त्याला मोबाईल हवा होता. लोकांनी काय काय कारणांनी फोन परत आणले नव्हते! म्हशीनं चाटला म्हणून आणला. बायकोला रंग पसंत पडला नाही म्हणून आणला. पण चालतो म्हणून परत आणणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तो किंमत नंतर सांगे, आधी विचारी, "गाव कोणतं?" मग शंभरपानी वही उघडी. कोणत्या गावात कोणत्या कंपनीचा टावर पोचतो, कुठं माळवदावर चढावं लागतं, कुठं नुसत्या पारावर दोन दांड्या दिसतात, सगळं त्यात लिहिलेलं. गावात चालणार नाही तो फोन तो विकतच नसे, मग गिऱ्हाईक हातापाया पडो. बैल कसा जुंपून बघतात, तसा फोनही गावात नेऊन बघावा, असं त्याचं म्हणणं. फोन पिशवीत घालताना शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "आठ दिवसांत रेंज न्हाई आली तर परत आणा. बदलून देतो."

द्वारकाबाई सावळदरीची. नवरा जळबा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. एकुलता एक पोरगा रवींद्र पुण्याला कंपनीत. मागच्या पोळ्यापासून त्याचा ना पत्ता ना निरोप. जळबाचं एकच पालुपद: "घरात फोन न्हाई, पोरगं फोन करंल तरी कुठं? फोन आणा, बघा कसा रोज बोलतो ते." बोलून बोलून त्यानं बायकोचं डोकं उठवलं. शेवटी तिनं शेळी विकली आणि फाटा गाठला.

जमीलनं वही बघून पहिला फोन दिला. चौथ्या दिवशी बाई हजर. "दुसरा दे. जरा कमी पकडणारा." कमी पकडणारा म्हणजे बॅटरी जास्त पुरणारा, असा जमीलनं आपल्या मनानं अर्थ लावला आणि दुसरा दिला. तोच आज परत आला होता.

"मावशी, माझी चेष्टा करून राहिल्या का?"

"चेष्टा कशाची रे?" तिनं काचेतून बोट दाखवलं. "तो काळा कसा हाय?"

"तो तुमच्या कामाचा न्हाई. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम बसतच न्हाई. आन त्याच्या कंपनीचा टावर तुमच्या टेकडीच्या अलीकडंच संपतो."

बाईचा चेहरा खुलला. "बराबर बघ. वही बघ."

जमीलनं वही बघितली. सावळदरीपुढं फुली होती.

"माळवदावर?"

"न्हाई."

"पाण्याच्या टाकीवर चढलं तर?"

"न्हाई मावशी, झाडावर चढा न्हाई तर आभाळात जा. न्हाईच येत."

"लाईट लागते ना पण? बटणं वाजतेत?"

"लाईट लागते, घंटी वाजवून बघता येते. बाकी नुसता डबा."

"मंग हाच दे."

आता मात्र जमील चिडला. "या अल्ला! न चालणारा फोन मी विकत न्हाई. उद्या साऱ्या फाट्यावर तुमीच सांगसाल, जमीलनं फसवलं म्हणून. चालणारे दोन परत केले, आन हा काहून पायजे?"

द्वारकाबाई बाकड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"पहिला फोन नेला, तवा आधी रानात जाऊन चिठ्ठीवरचा रवीचा जुना नंबर शेजारच्या पल्लवीकडून लावून घेतला. म्हणलं, पोराला सांगावं, तुजा बाप वाट बघून राहिला. त्यानं आवाज ओळखला माजा. घडीभर गप राहिला. आन म्हणला, राँग नंबर. दुसऱ्यावरून लावला, तर आवाज ऐकला आन कट केला. दोन्ही फोन म्या कणगीआड ठेवले. बुढ्याला दाखवलेच न्हाई."

जमीलनं वही मिटली.

"चालता फोन उशाशी ठेवला तर तो दिसभर त्याच्याकडंच बघंल. वाजणार न्हाई. मंग त्याला कळंल. आन हा ठेवला, तर म्हणंल पोरगं लावून राहिलं, टावरच बेकार. टावरला शिव्या दिल. दिऊ दे. टावरला काय लागतंय?"

जमीलनं काळा फोन बाहेर काढला. फडक्यानं पुसला. चार्जिंगला लावला आणि बॅटरी भरेपर्यंत बाईला चहा पाजला. मग फोन पिशवीत घालून तिच्या हातात दिला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला,

"मावशी, आठ दिवसांत रेंज आली, तर परत आणा. बदलून देतो."