पाहुण्यांचा डबा

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी गाडीतून आधी कॉम्प्युटरचा डबा उतरवला, मग नारळाची पिशवी. मुलाच्या मामाने डबा थेट रूपालीच्या टेबलावर आणून आदळला आणि खुर्चीत बसकण मारली.

“गाणंबिणं काई म्हननं नही, बेटा. हाऊ डबा चालू करी दखाड. म्हैनाभर अटकी अटकी चाले, आते आठ दिनपाईन मुका शे.”

रूपालीने वडिलांकडे पाहिलं. दोधूआप्पा हसत मान डोलावत होते. शहाद्यातल्या या घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान पाच वर्षं चालू होतं, पण आप्पांच्या लेखी तो लग्न ठरेपर्यंतचा वेळ घालवण्याचा धंदा. रूपाली एकोणतिसाची. सहा स्थळं येऊन गेलेली. या वेळी पाहुणे हो म्हणाले तर नाही म्हणायचं नाही आणि दुकानाला कुलूप लावायचं, असा शब्द आप्पांनी तिच्याकडून घेतला होता.

पदर खोचून तिने स्क्रू काढले. बाजूचा पत्रा निघाला आणि आतून असा भपकारा आला की तिने तोंड फिरवलं. डबा कापूस साठवायच्या खोलीत ठेवत असणार. पंख्यावर कापसाचा गोळा घट्ट बसला होता, त्यात झुरळांची अंडी आणि पालीच्या लेंड्या. समोरच्या जाळीतून गुटख्याची पिचकारी आत ओघळून वाळली होती. एकदा नव्हे, थरावर थर. घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरवर रोज थुंकत होतं आणि तो चालत नाही म्हणून तक्रार करत होतं.

कोण ते शोधायला लांब जावं लागलं नाही. रूपालीच्या आईने, मंगलाबाईंनी, शिऱ्याच्या बशा आणल्या तेव्हा मामाने तोंडातला लाल चोथा काढून बशीच्या कडेला ठेवला आणि त्याच बोटांनी शिरा खायला सुरुवात केली. नवरामुलगा भूपेश मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. आल्यापासून त्याने रूपालीकडे एकदाच पाहिलं होतं, तेही वायफायचा पासवर्ड विचारायला.

रूपालीने ब्रशने घाण काढली, ब्लोअर मारला. रॅमची पट्टी उपसून तिची पिवळी टोकं खोडरबराने घासली, मदरबोर्डवरचा गोल सेल बदलला, आपला मॉनिटर जोडला. बटण दाबताच डबा एकदा टुक करून बोलला. स्क्रीन उजळली. काही झालं तरी हा आवाज ऐकून तिला बरं वाटायचंच.

“एक्सेल उघडतंय का बघा,” भूपेश मान वर न करता म्हणाला. “मामांचं सगळं त्यातच असतं.”

तिने एक्सेल उघडलं. डबा बंद पडला तेव्हा उघडी राहिलेली एक फाइल कडेला आपोआप दिसू लागली. नाव होतं ‘मुली’. नीट उघडते की नाही ते बघायला तिने क्लिक केलं.

चोवीस ओळी होत्या. नाव, गाव, उंची, रंग, सोनं, शेरा. कामिनी, रनाळे: दात पुढे, नाही. भूमिका, अक्कलकुवा: आई फार बोलते, नाही. एकीच्या पुढे फक्त ‘जाडी’. शेवटच्या ओळीत ती स्वतः होती. रंग: चालेल. सोनं: कमी. शेरा: ‘वय झालं. नाही. भेटीला जाऊन डबा दुरुस्त करून घेणे.’

झुरळांची तिला सवय होती. ती घाण ब्रशने निघते. ही निघणार नव्हती. आईने पहाटे उठून रवा भाजला होता, आप्पांनी नवा सदरा घातला होता, आणि ही माणसं नाही ठरवून, खराब डबा गाडीत घालून शिरा खायला आली होती.

“आप्पा, आठे या,” ती म्हणाली आणि ओळीवर बोट ठेवलं.

आप्पांनी चष्मा लावला. ओठ हलवत सगळं वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. रूपाली वाट बघत होती, आता ते मामाच्या हातातली बशी काढून घेतील म्हणून. आप्पा मामाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले.

“मामा, डबा तं चालू व्हयना. पोरगी काम चांगलं करस. आते तरी जरा इचार करा.”

मामाची तिला किळस आली होती. आप्पांची शिसारी आली. त्या जोडलेल्या हातांकडे तिला बघवेना.

मामा जराही ओशाळला नाही. बोटं चाटत हसला. “ते तं आसंच लिखेल ऱ्हास, पाटील. पोरगी कामनी शे. आमना घरमा इन्व्हर्टर बी बंद पडेल शे. बदली टाकूत. काय, भूपेश?”

“तुम्ही म्हणाल तसं,” भूपेश म्हणाला.

आप्पांचा चेहरा उजळला. घाईघाईने ते रूपालीजवळ आले. “बेटा, हाई बदलता येस ना?”

“येस, आप्पा.”

तिने कीबोर्ड जवळ ओढला. आपल्या ओळीतला ‘नाही’ तिने तसाच ठेवला. त्याच्या मागचं-पुढचं सगळं खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘मुलीकडून.’